सगळ्यांचे पाय बघून झाल्यावर

चप्पल

लक्ष्मी ताल या तळ्यावरून फिरून परतताना माझ्या डाव्या पायातली चप्पल निघून पडली आणि मला ते कळलं नाही. महालक्ष्मीच्या देवळाबाहेर फुलं विकणारी बाई मागून ओरडली, "बाबूजी, चप्पल तो लेते जाओ!" मी वळून बघितलं. वीसेक पावलं मागे चप्पल उलटी पडली होती. परत गेलो, पायात घातली, बाईला म्हणालो, "ध्यान नहीं रहा." ती हसली, मीही हसलो.

ध्यान होतं. पाय दिसत होता, चालतही होता, फक्त खाली जमीन आहे की नाही याची खबर वर येत नव्हती.

मी पायदळातून सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस. घर झाशीत, नगऱ्याला. बायको मालती, आणि एक मुलगी वैशाली, ती लग्न होऊन ग्वाल्हेरला असते. आमचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. वैशालीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती हिंदीत देते.

ज्यांच्या घरी असं आजारपण आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आजार काय असतो ते डॉक्टर माझ्यापेक्षा बरं सांगतील. मला दुसरंच सांगायचंय. त्या तीन महिन्यांत आमच्या घरातलं एक पाऊल कापायची वेळ येऊन ठेपली होती, आणि ते पाऊल माझं नव्हतं.

चार दिवस

पलटणीत रोज संध्याकाळी रोल कॉल होतो. हजेरी होते, दुसऱ्या दिवसाची कामं सांगतात आणि शेवटी कुणीतरी ताठ उभं राहून रिपोर्ट देतं, "सब ठीक है, साहब." अठ्ठावीस वर्षं मी हे वाक्य आधी दिलं आणि मग घेतलं. लोक रिटायर होऊन येताना ट्रंक आणतात, मी रोल कॉल आणला. जेवायला बसलो की विचारायचो, "सब ठीक?" मालती म्हणायची, "सगळं ठीक." वैशाली लहान होती तेव्हा पाटावरून उठून सॅल्यूट ठोकायची. पाहुणे हसायचे. आमच्या घरचं ते कौतुक होतं.

चौकीवर असताना आठवड्यातून एकदा फोन मिळायचा, दोन मिनिटं, आणि मागे रांग. अशाच एका हिवाळ्यात मालतीचे वडील वारले. मला ते तेरावं उरकल्यावर कळलं. मधल्या फोनवर ती "सगळं ठीक" म्हणाली होती. "तुम्ही तिकडून काय करणार होतात?" असं तिने नंतर सांगितलं. मला तेव्हा बायकोचा अभिमान वाटला होता. फौजीची बायको कशी असावी, म्हणून ही गोष्ट मी चारचौघांत सांगायचो.

तर चप्पल पडली त्या दिवशी जेवताना मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोटं झिणझिणली. तिसऱ्या दिवशी जिन्याची पायरी चुकली. चौथ्या दिवशी शर्टाचं बटण लावताना बोटं हुकायला लागली, तेव्हा मी बटणांचा शर्ट सोडून बंडीवर बसलो. मालतीने विचारलं तर म्हणालो, "उकडतंय." एप्रिल महिना होता, तिला पटलं.

पाचव्या दिवशी सकाळी चहा संपवून उठायला गेलो आणि उठलोच नाही. स्वयंपाकघरातून मालतीचा आवाज आला, "अहो, न्हाणीघरात पाणी काढलंय, निवून जाईल." मी म्हणालो, "येतो." थोड्या वेळाने ती परत म्हणाली. मी परत "येतो" म्हणालो. वीस मिनिटं मी खुर्चीत बसून "येतो" म्हणत होतो. शेवटी ती हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता शेजारच्या दुबेजींना हाक मारायला गेली.

हातोडी

छावणीतल्या हॉस्पिटलात ज्या मेजर डॉक्टरीणबाई होत्या त्या वैशालीच्याच वयाच्या. त्यांनी रबरी हातोडीने माझ्या गुडघ्यावर मारलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. तोही गप्प.

"कब से है, साहब?"

"आज सुबह से."

त्यांनी हातोडी बाजूला ठेवली. "सूबेदार साहब, कब से?"

"पाँच दिन."

मालती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

डॉक्टरीणबाईंनी मग सरळ सांगितलं. "पंद्रह दिन पहले पेट ख़राब हुआ था न? कभी-कभी उसके बाद ऐसा होता है. शरीर की अपनी ही फ़ौज नसों के तार काटने लगती है. ये अभी और ऊपर चढ़ेगा. कहाँ रुकेगा, नहीं बता सकती. छाती तक आया तो मशीन पर लेना पड़ेगा. ज़्यादातर लोग ठीक हो जाते हैं, टाइम लगता है. पहले दिन आ जाते तो अच्छा था."

निदानाच्या दिवशी काय वाटलं, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. काही वाटलं नाही. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी रिपोर्ट मी शांतपणे ऐकून घेतो आहे, असं ते होतं. मालती रडली तेव्हासुद्धा, ही बाई का रडतेय, हा प्रश्न आधी आला आणि ती माझी बायको आहे हे मागून आलं. तुमच्या माणसाचं असं झालं तर घाबरू नका आणि रागावूही नका. तो निष्ठुर झालेला नसतो. आत काही पोहोचतच नसतं.

एका दमात

हा आजार छातीवर चढतोय का, ते बघायची एक साधी युक्ती असते. खोल श्वास घ्यायचा आणि एका दमात जितके आकडे मोजता येतील तितके मोजायचे. पहिल्या दिवशी मी सव्वीसपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी एकोणीस. मग चौदा. औषधाच्या बाटल्या शिरेतून चालू होत्या आणि आकडा उतरत होता. मला आयसीयूत हलवलं.

वैशाली ग्वाल्हेरहून आली. काचेबाहेरून हात केला, मग तिला आत सोडलं. तिने माझा हात हातात घेतला. घेतलेला मला दिसला.

"बाबा, कैसे हो?"

"सब ठीक."

"बाबा, गिनती बताओ."

"ठीक आहे गं."

"आई को भी आप यही बोलते हो. मुझे नंबर चाहिए."

"अकरा," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि बाहेर गेली. जाताना नर्सला विचारून आकडा खरा आहे की नाही, ते पक्कं करून गेली. माझी मुलगी माझा शब्द तपासून बघत होती. एरवी मी चिडलो असतो. तेव्हा नुसतं बघत राहिलो.

आकडा नऊवर आला आणि दोन दिवस नऊवरच राहिला. मशीन पलंगाशेजारी आणून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दहा म्हणालो. नर्सने परत मोजायला लावलं. परत दहा. काचेपलीकडे मालती उभी होती, तिला वैशालीने दोन्ही पंजे उघडून दाखवले. मालती लगेच वळून निघून गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल.

ती कुठे गेली ते मला घरी परतल्यावर कळलं.

निळी वही

आयसीयूत करायला काही नसतं. हलता येत नव्हतं, पुस्तक धरता येत नव्हतं. माझी एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, ती मी मनातल्या मनात वाचायचो.

रिटायर झाल्यावर ग्वाल्हेर रोडवरच्या एका कॉलेजात मला व्याख्यानाला बोलवायला लागले. विषय नेहमी नेतृत्व. मी काही फार शिकलेला नाही, पण तीस-बत्तीस माणसांची प्लाटून सांभाळली होती. ती कशी, ते वहीत लिहून काढलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत "माझे नेतृत्वाचे तत्त्वज्ञान" असं लिहिलंय. आता हसू येतं. पुढे चाला, शेवटी जेवा, शिक्षा एकांतात आणि शाबासकी सगळ्यांसमोर, असं बरंच आहे. सगळ्यात आवडतं तिसऱ्या पानावरचं होतं. ते वाचलं की पोरं टाळ्या वाजवायची.

पायदळात एक रीत आहे. लांबचा मार्च किंवा गस्त संपली की प्लाटून कमांडर माणसांचे पाय बघतो. जवान बूट-मोजे काढून बसतात, कमांडर जमिनीवर बसतो, एकेकाचं पाऊल हातात घेऊन फोड, चीर, काळेपणा बघतो. शेवटच्या माणसाचे पाय बघून होईपर्यंत त्याने स्वतःचे बूट काढायचे नाहीत. जातपात, हुद्दा, सगळं तिथे बाजूला राहतं. वहीत मी लिहिलं होतं: आधी त्यांचे पाय, मग आपले बूट.

आणि त्याखाली एक दाखला होता. "एका प्लाटून कमांडरने एकदा हे केले नाही. बर्फातली तीन दिवसांची गस्त संपवून तो परतला. दमला होता. त्याने बंकरच्या दारातूनच विचारले, पाय सगळ्यांचे ठीक? आतून आवाज आला, सब ठीक साहब. तो आपल्या बंकरमध्ये जाऊन झोपला. एका हवालदाराची दोन बोटे हिमदंशाने काळी पडली होती. ती कापावी लागली."

व्याख्यानात इथे मी थोडा थांबायचो. मग म्हणायचो, "विचारू नका. बघा."

तो प्लाटून कमांडर मी होतो. हे मी एकाही व्याख्यानात सांगितलं नाही. हवालदाराचं नाव रामसेवक. त्याच्या आदल्याच आठवड्यात सिक रिपोर्टला उभ्या राहिलेल्या एका जवानाला मी सगळ्यांसमोर "बीमार हो या बहाना है?" असं विचारलं होतं. लोक हसले होते. रामसेवकही त्यात होता.

पलंगावर पडून मी ते पान रोज वाचायचो. लाज वाटायला हवी होती. तीही हातापायांसारखीच बधिर होती, आहे हे कळायचं, लागायचं नाही.

टाचा

वॉर्डात परत आणल्यावर सकाळच्या पाळीला केरळच्या एक सिस्टर असायच्या. बुटक्या, घाईच्या, हिंदी तोडकी. त्या आल्या की मी आधीच रिपोर्ट द्यायचो, "सब ठीक, सिस्टर." त्या ऐकायच्याच नाहीत. पायावरची चादर उचलायच्या, दोन्ही टाचा खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या, मग कुशीवर वळवून पाठ बघायच्या, कागदावर काहीतरी लिहायच्या आणि पुढच्या पलंगाकडे जायच्या. पहिले दोन-तीन दिवस मला राग आला. मी सांगतोय ना ठीक आहे म्हणून!

चौथ्या दिवशी उजव्या टाचेवर त्यांना लाल चट्टा दिसला. त्यांनी टॉवेलची गुंडाळी करून पायाखाली सरकवली, टाच अधांतरी ठेवली. एवढंच. दोन दिवसांनी चट्टा गेला.

माणूस पडून असेल तर रोज त्याच्या टाचा आणि पाठ बघा. त्याच्या सांगण्यावर जाऊ नका. या सबंध लेखातून एवढंच घेतलंत तरी चालेल.

रामसेवक

पाचव्या आठवड्यात रामसेवक आला. मऊरानीपूरकडच्या गावातून, बसने. पलटणीतल्या कुणीतरी त्याला फोन केला होता. आता त्याचे केस पांढरे झालेत, पण चाल तीच, डावीकडे थोडी झुकती. डब्यात घरच्या तुपाचे लाडू होते. ते त्याने मालतीच्या हातात दिले आणि तिच्या पाया पडला. मालती दोन पावलं मागे सरली. ती हल्ली रोज दोनदा डबा घेऊन यायची. ऑटो गेटबाहेर सोडावी लागे, तिथून वॉर्डापर्यंत बरंच चालणं होतं. मला वाटलं, दमली असेल.

रामसेवक स्टुलावर बसला. माझ्या पायाला चिमटा काढून बघितला.

"कछू पतो परत?"

"नाही. नहीं."

"तौ अब एक काम करियो साब. रोज नहाबे के बाद शीशा लैके तरुआ देखियो. जे पाँव अब बतै है नईं, देखनेई परहै. हम इत्ते साल सें देखत हैं."

तळवे आरशात बघायचे, रोज. पाय आता सांगणार नाहीत. हे मला तो शिकवत होता. मालती डबा उघडत होती. मी वीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"रामसेवक, उस दिन तुमने बोला क्यों नहीं? मैंने पूछा था."

त्याने माझ्या पायावरची चादर सारखी केली. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"आपने पूछी कहाँ हती साब? आपने तो हुकुम दओ तो कै सब ठीक है. हमने हुकुम मानो."

मग त्याने लाडू फोडून अर्धा माझ्या तोंडाजवळ धरला. मी खाल्ला.

मोजे

सात आठवड्यांनी मला चाकांच्या खुर्चीतून घरी आणलं. खुर्चीतून घर खालच्या उंचीवरून दिसतं. फडताळाचा खालचा खण, टेबलाच्या कडा, लोकांचे पाय.

मालतीच्या पायात मोजे होते. माझे जुने फौजी लोकरी मोजे, हिरवट. बाहेर लूचे गरम वारे चालले होते, भिंती तापल्या होत्या.

"मोजे कशाला?" मी विचारलं.

"फरशी गार लागते."

झाशीत, भर उन्हाळ्यात! दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणालो, "पाय ठीक आहेत ना?"

"ठीक आहे."

घास तोंडात होता तसाच राहिला. रामसेवकचं बोलणं आठवलं. मी पुन्हा विचारलं नव्हतं, हुकूमच दिला होता. मालतीला आठ वर्षांपासून साखरेचा त्रास आहे. तिच्या गोळ्या कुठल्या फडताळात असतात ते मला ठाऊक होतं. त्या गेले दोन महिने ती घेत होती का, हे मला ठाऊक नव्हतं.

जेवण झाल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली होती. मी खुर्ची तिच्यापर्यंत नेली, ब्रेक लावला आणि खाली उतरायला लागलो. उतरलो म्हणजे घसरलो. जमिनीवर जाऊन पडलो.

"अहो! काय करताय? आता उठवणार कोण तुम्हाला?"

"ते नंतर बघू. पाय दे."

तिने पाय पदराखाली ओढून घेतले. "वेड लागलंय का? पायाला हात नका लावू. कुठे फेडू मी हे पाप?"

"मालती, रामसेवकची बोटं माझ्यामुळे गेली. मी बघायला गेलो नव्हतो. दारातूनच विचारलं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. त्याची बायको शेजारच्या क्वार्टरात नव्हती का?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुम्ही व्याख्यानात 'एक कमांडर, एक कमांडर' म्हणायचात. मी मागे बसलेली असायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? तुम्ही रोज विचारायचात, सब ठीक?"

मी हात पुढे करून बसून राहिलो. शेवटी तिने डावा पाय पुढे केला. तो मी गुडघ्यावर ठेवला, पलटणीत ठेवायचो तसा. मोजा निघेना, तळव्याला चिकटला होता. मालतीने हात लांब करून तांब्या घेतला, पाणी ओतून भिजवला, मग आला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, मध्ये काळं. शेजारच्या बोटाचा रंगही बरा नव्हता. माझ्या बोटांना ते गरम आहे की गार, काही कळत नव्हतं. म्हणून डोळे जवळ नेले.

"दुखत नाही?"

"नाही. दुखलं असतं तर सांगितलं असतं."

"नसतं सांगितलंस."

"नसतं," ती म्हणाली.

"कधीचं आहे?"

"तुमचे दहा झाले त्या दिवशीचं. महालक्ष्मीला नवस बोलले होते, आकडा चढला तर अनवाणी येईन म्हणून. हॉस्पिटलातून तशीच गेले तालावर. दुपार होती, डांबर तापलं होतं. पोळलं असेल. कळलंच नाही मला. तिसऱ्या दिवशी फरशीवर डाग दिसला तेव्हा बघितलं."

मला भीती वाटली. निदानाच्या दिवशी वाटली नव्हती, नऊवर आकडा अडकला तेव्हा वाटली नव्हती. तिथे जमिनीवर, बायकोचं पाऊल मांडीवर घेऊन बसलो असताना ती पोहोचली. मालती म्हणाली, "अहो, रडताय काय!" तेव्हा मला कळलं की मी रडतोय.

वैशालीला फोन लावला. या वेळी मी "सब ठीक" म्हणालो नाही. म्हणालो, "आईच्या पायाला जखम आहे, काळी पडलीय, आठवडे झालेत. निघून ये." ती मराठीत म्हणाली, "बाबा, येते. आत्ता निघते." मला जमिनीवरून उठवायला दुबेजी आणि त्यांचे थोरले भाऊ आले.

एक बोट गेलं. अंगठ्याशेजारचं. अंगठा वाचला, पाऊल राहिलं. सर्जन म्हणाले, आणखी आठवडाभर मोज्यात राहिलं असतं तर घोट्याच्या वरून कापायची गोष्ट करावी लागली असती.

आता

मी आता काठीने चालतो. गुडघ्याखाली अजून सगळं सुन्नच आहे, हाताची बोटं बरीचशी परत आली आहेत. बटण लावता येतं, पेन धरता येतं. पेन धरता आलं त्या दिवशी वही काढली. तिसऱ्या पानावर "एका प्लाटून कमांडरने" यावर रेघ मारली आणि वर "मी" लिहिलं. अक्षर वाकडं आलंय. पहिल्या पानावरचं "तत्त्वज्ञान"ही खोडणार होतो, मालती म्हणाली राहू द्या, शोभेचं आहे.

कॉलेजात परत गेलो तेव्हा ते पान तसंच वाचलं, "मी" म्हणून. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावर मालती बसली होती, एक चप्पल मोठ्या मापाची घालून.

घरचा रोल कॉल बंद केला. आता रोज आंघोळी झाल्या की आम्ही खिडकीशी बसतो. मी वेताच्या बैठ्या मोड्यावर, ती पलंगाच्या कडेला. ती आधी मला हात जोडते, पाप लागू नये म्हणून. ते काही मी बंद करू शकलेलो नाही. मग पाऊल माझ्या गुडघ्यावर ठेवते. मी काही विचारत नाही. बोटांच्या फटी बघतो, टाच बघतो, गेलेल्या बोटाची जागा बघतो, तळव्याखाली आरसा धरतो. ती तेवढ्यात कालचं काय काय सांगून घेते. कंबर धरली होती, दुबेणीचं बोलणं लागलं, वडिलांची आठवण आली होती. ते तेरा दिवस तिने एकटीने कसे काढले, तेही तिने एकदा असंच पाय माझ्या हातात देऊन सांगितलं.

मग ती उतरून खाली बसते आणि म्हणते, "आता तुमचे."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. कमांडरचे पाय कोण बघतं? मी अजूनही रोज तोंड उघडतो, "माझे ठीक आहेत..." ती ऐकतच नाही. पाय ओढून उजेडात घेते.